काळ्याला जांभळं म्हणणारा कॅमेरा

राजिवडा, रत्नागिरी
मे २००७

आदरणीय हाशिमभाई यांना धाकट्या कौसरचा अस्सलामु अलैकुम.

अल्लाहच्या मेहेरबानीने इकडे सगळे ठीक आहेत, तुम्हीही तिकडे ठीक असाल. भाभींचा घसा बसला होता तो आता उठला असेल. त्यांना म्हणावं, थंड हवेच्या मशीनखाली झोपू नका, असं हमिदा फुफीने बजावलं आहे. (फुफीने ते मशीन जन्मात पाहिलेलं नाही, पण त्याचे दुर्गुण तिला तोंडपाठ आहेत.) फुफीचे गुडघे दुखतात, आवाज दुखत नाही. बकरी व्याली, दोन झाली. आंबा यंदा कमी, पण घरापुरता आहे. माळ्यावर आढी घातली आहे आणि घरभर असा घमघमाट सुटला आहे की येणारा प्रत्येक पाहुणा आपल्याला भेटायला आलाय की आंब्याला, हे कळत नाही.

फोन का नाही केलास, असं तुम्ही म्हणाल. फोन फुफीच्या खाटेशेजारी आहे, आणि या पत्रातला निम्मा मजकूर फुफीसमोर बोलण्यासारखा नाही. मुसा शुक्रवारी परत दुबईला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र, आंबापोळी, सोडे आणि आणखी एक गाठोडं पाठवते आहे. गाठोडं पाहून दचकू नका. त्याचा खुलासा पुढे येईल, क्रमाने येईल. मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं आहे, प्रयोग आधी आणि निष्कर्ष नंतर अशी मला सवय आहे.

तर कॅमेरा. तुम्ही दुकानात मांडून ठेवलेला नमुन्याचा कॅमेरा मालकाकडून मागून मुसाच्या हाती पाठवलात, आणि सोबत चिठ्ठी लिहिलीत की वापरून बघ, जमला तर ठेव, नाही जमला तर मुसाबरोबर परत पाठव, घाईने हो म्हणू नकोस, किमतीचा विचार कर. भाई, किमतीचा विचार मी एकदाच केला, आणि नंतर माठातलं पाणी पिऊन बसून राहिले. एवढ्यात आपल्या अब्बांनी कातळ फोडून, माती भरून, पंचवीस कलमं लावली असती. पण शाळा सोडल्यावर जे मिळालंय ते माझं आहे, ते कशात घालायचं हेही मी ठरवलंय. फक्त दोघांचा होकार हवा आहे. एक तुमचा, कारण वस्तूची पारख तुम्हाला. दुसरा फुफीचा. अब्बा गेल्यापासून घराच्या किल्ल्या आणि घराचा होकार, दोन्ही त्यांच्या या बहिणीच्याच कमरेला असतात हे तुम्ही जाणताच.

आता हा कॅमेरा कसा आहे ते सांगते. (तुम्ही तो विकता, मी तो वापरला आहे. यात फरक आहे.) त्याच्या भिंगातून आपल्याला काहीच दिसत नाही. बघायची खिडकी वेगळी, कोपऱ्यात. त्या खिडकीच्या मधोमध एक लहानसा उजळ चौकोन, आणि त्यात समोरची वस्तू दोनदा दिसते. भिंगाची कडी फिरवत फिरवत त्या दोन एकीवर एक आणल्या की नेम जमला. आपोआप काहीच होत नाही. पहिल्या दिवशी मला दोन बकऱ्या, दोन फुफ्या आणि दोन विहिरी दिसत होत्या. बकरी तर नेम जमेस्तोवर उभी राहीना. शेवटी मी खिडकीतल्या दोन बकऱ्या एक केल्या तेव्हा ती माझी ओढणी खात होती. इतक्या जवळचा फोटो हा कॅमेरा घेत नाही. हातभर लांब राहा, असा त्याचा नियमच आहे. म्हणजे मेंदीच्या नक्षीचा, नथीच्या मोत्याचा फोटो विसरायचा. मला वाईट वाटलं, पण मग म्हटलं, आपल्याकडच्या बायकाही हातभर लांब राहूनच खरं बोलतात.

दुसरी गोष्ट सांगताना मला अजून लाज वाटते, म्हणून पटकन सांगते. मुसाने मला सरावासाठी आरे-वारेला नेलं. काय तो समुद्र, काय तो वळणाचा रस्ता, मी वेड्यासारखी टिपत सुटले. खिडकीतून सगळं झळझळीत दिसत होतं. घरी येऊन बघते तर आरे काळं, वारे काळं, मुसा काळा. भिंगावरचं झाकण मी काढलंच नव्हतं! खिडकी वेगळी असल्यामुळे झाकण असलं काय नि नसलं काय, बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. आणि मागच्या काडेपेटीएवढ्या काचेवर बघावं, तर त्या उन्हात तिथे स्वतःच्या नाकाशिवाय काही दिसत नव्हतं. मुसा बिचारा म्हणाला, सूर्य मावळला असेल. दुपारी. आता ते झाकण मी फुफीच्या औषधाच्या डब्यात टाकलं आहे, पुन्हा लावणार नाही.

मग आपली हवा. कॅमेरा पडला जर्मन. तिकडे पापड महिनाभर कुरकुरीत राहत असतील, इथे सकाळचा पापड दुपारी रुमालासारखा घडी घालता येतो. अशा हवेत भिंगाला बुरशी धरते म्हणे, आणि धरली की दुरुस्तीला थेट त्यांच्या देशात पाठवा. (इथल्या बाजारातल्या घड्याळवाल्याला मी दाखवला. त्याने तो उलटसुलट केला, कानाशी धरला आणि आदबीने परत दिला.) म्हणून मी आपला घरचा उपाय केला. कॅमेरा पिशवीत बांधून तांदळाच्या डब्यात पुरला. फुफीला सांगायचं राहिलं. तिने जेवणाचे तांदूळ काढायला माप घातलं ते खाडकन आपटलं, आणि फुफीला वाटलं, सासरहून आणलेल्या त्या डब्यात सासूने लपवलेली दागिन्यांची डबी सापडली. बिस्मिल्लाह म्हणून तिने पिशवी सोडली. आत डबी नसून माझा डबा निघाल्यावर ती जे बोलली ते तिने सासूलाही कधी ऐकवलं नसेल. ठोकर बसल्याची एक बारीक खूण तळाशी आहे. मालकाला दाखवू नका, किंवा दाखवाच, म्हणजे तो म्हणेल आता ठेवून घ्या.

आणि तळाचं म्हणाल तर बॅटरी बदलायला त्याचं पूर्ण तळ काढावं लागतं. काढलेलं तळ ठेवायला तिसरा हात नाही, म्हणून ते दातात धरावं लागतं. त्यात आपल्याकडे वीज जाते ती तिच्या मर्जीने येते, त्यामुळे जादा बॅटरी हवीच. हे सगळं मी का सांगते आहे? तर तुम्ही म्हणू नये की कौसरने नुसता हुरळून हो म्हटलं. मी सगळे दोष पाहिले आहेत. पाहिले आणि तरी मला तो हवा आहे, भाई. मला तो फार हवा आहे.

कारण सांगते. अम्मीचा आपल्याकडे एकच फोटो आहे, हजच्या अर्जासाठी काढलेला. त्यात ती फोटोवाल्या परक्या माणसासमोर बसल्यामुळे कपाळाला आठ्या घालून बसली आहे. अम्मी किती हसायची! हळदीच्या रात्री अम्मी गाणं म्हणायला बसली की पलीकडच्या मोहल्ल्यातल्या बायका यायच्या. त्याचा पुरावा कुठे आहे? नाही. कारण बायकांच्या खोलीत फोटोवाला येणार नाही, आणि घरातल्या कुणी काढलेच तर रीळ धुवायला स्टुडिओत द्यावं लागणार, तिथे ते परका पुरुष बघणार. आपल्या बायका लग्नात नटतात, नाचतात, रडतात, आणि मग जणू त्या लग्नाला आल्याच नव्हत्या. या कॅमेऱ्याला रीळ नाही, फ्लॅश लागत नाही, आवाज म्हणाल तर बांगडीला बांगडी लागल्याएवढा. शाळेतल्या संगणकाच्या शमिकाबाईंचा लहान कॅमेरा मी आधी नेऊन पाहिला होता. तो लखकन चमकला की सगळ्या बायका निवडणुकीच्या ओळखपत्रासारखे चेहरे करतात. मला रत्नागिरीतल्या बायकांच्या खोलीची फोटोवाली व्हायचं आहे. या वयात. हसा खुशाल.

फुफीला हे मी सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की आयातच्या लग्नात काढ, बघू काय ते, मग सांगते. म्हणजे मुसाच्या बहिणीचं लग्न ही माझी परीक्षा. आणि परीक्षेत काय झालं ते आता ऐका.

लग्न पावसला, घरच्याच अंगणात. आतल्या खोलीत मी दिवसभर फिरले. पहिला तासभर सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मग विसरल्या. आयात आईच्या कुशीत तोंड खुपसून रडते आहे तो फोटो असा आला आहे भाई, की मला स्वतःला खरं वाटत नाही की मी काढला. पण निघायच्या वेळी, बस येईस्तोवर, फुफी म्हणाली की आता सगळ्यांचा मिळून एक काढ, अंगणात, आणि बुरखे घालून, म्हणजे तो फोटो कुणीही बघितला तरी हरकत नाही. तुम्ही मुसाबरोबर काळ्या कापडाचं जे अख्खं ठाण पाठवलं होतंत, त्यातून फुफीने घराघरात कापड वाटलं होतं, आणि सगळ्यांनी लग्नासाठी त्याचेच नवे बुरखे शिवले होते. एकट्या रुकय्याचाचींनी घेतलं नव्हतं. (फुफीच्या हातून काही घ्यायचं नाही असा त्यांचा जुना बाणा आहे. भांडण कशावरून झालं ते दोघींनाही आठवत नाही.) चाची आपला जुना, इथल्याच बाजारातला सुती बुरखा घालून टोकाला उभ्या राहिल्या. सगळ्यांचे चेहरे उघडे, हसरे, नव्या काळ्या कापडाची नुसती चमक. मी दोन फुफ्यांची एक फुफी केली आणि बटण दाबलं.

मागच्या काचेवर रंग जरा वेगळाच दिसला होता, पण मांडवाचं कापड गुलाबी होतं, त्याची झाक असेल म्हणून मी सोडून दिलं. दोन दिवसांनी शमिकाबाईंच्या घरी संगणकावर फोटो लावला आणि मागे सगळं महिलामंडळ जमलं. भाई, अंगणभर वांगी उभी होती! सगळे नवे बुरखे जांभळे. फिकट नव्हे, चांगले पिकल्या जांभळासारखे. झाडं हिरवी, चेहरे नीट, आणि टोकाला रुकय्याचाची, काळ्याकुट्ट, एकट्या, विजयी.

पुढचा तास मी वर्णन करत नाही. थोडक्यात निकाल असा लागला की हाशिमने दुबईहून फसवं कापड पाठवलं. मी म्हटलं, अहो अंगावर बघा, काळं आहे ना? तर चाची म्हणाल्या की डोळा फसतो, जर्मन मशीन फसत नाही. बुरखे उन्हात धरले, काळे. मिठाच्या पाण्यात बुडवले, काळे. बाजारात कापडवाल्याकडे नेले, त्याने धागा जाळून बघितला, धाग्याची गोळी झाली, आणि तो म्हणाला की सुती नाही, पण काळा आहे, आता माझं दुकान वाढवायची वेळ झाली. तरी कुणी ऐकेना. आज काळं दिसतंय, उद्या भर रस्त्यात जांभळं पडलं तर? एकेक करून बायका येत गेल्या आणि बुरखे फुफीच्या खाटेवर ठेवून गेल्या. फुफी त्या ढिगाशेजारी बसून एकेका बुरख्याची घडी घालत होती. तिने हाताने वाटलेलं कापड परत येत होतं, आणि त्या ढिगाबरोबर माझा कॅमेराही परत चाललाय हे मला दिसत होतं. (मघाचं गाठोडं ते हेच. त्यात बुरखे आहेत.)

शमिकाबाई देव माणूस. त्यांनी इंटरनेटवर शोधून काढलं की असा जांभळा रंग इतरांनाही आला आहे. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा एक उजेड असतो, तांबड्याच्या पलीकडचा. काही बनावटी धाग्यांचं काळं कापड तो उजेड परत फेकतं, आणि हा कॅमेरा तो पकडतो. भिंगावर एक खास काच चढवली की झालं. हे वाचून मला इतका आनंद झाला की मी तशीच घरी धावत आले. मी हा उजेड दहावीला शिकवत होते, भाई! सव्वीस वर्षं फळ्यावर बाण काढले, पण तो असा प्रत्यक्ष अंगणात येऊन उभा राहील असं वाटलं नव्हतं.

मी सगळ्यांना परत बोलावलं. शाळेसारखं प्रात्यक्षिकच केलं. टीव्हीचा रिमोट घेतला, त्याचं तोंड सगळ्यांकडे केलं, बटण दाबलं, काही दिसतं का? नाही. आता त्याचाच दाबलेल्या बटणासकट फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या मागची काच एकेकीला दाखवली. रिमोटच्या तोंडाशी लख्ख दिवा पेटलेला! मी विजयाने म्हटलं, बघा, जे आपल्याला दिसत नाही ते या कॅमेऱ्याला दिसतं.

असं वाक्य मी बोलायला नको होतं. मग रुकय्याचाचींनी ओढणी गच्च लपेटून विचारलं, “म्हंजे आतलापन दिसता?”

भाई, खोलीत उशा उरल्या नाहीत. जिला जे मिळालं ते तिने पुढ्यात धरलं. कुणी सूप, कुणी चटई, एकीने तर माझ्या आढीतली आंब्याची पाटी छातीशी धरली. मी कुरआनची शपथ घ्यायला निघाले. मी म्हटलं, अहो, आतलं काही दिसत नाही, फक्त रंग बदलतो. पण आता ऐकतो कोण? तेव्हा फुफी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. तिने शमिकाबाईंनी छापून दिलेला तो ग्रुपचा फोटो हातात घेतला, सगळ्यांसमोर धरला आणि म्हणाली, “आतला दिसता तर रुकय्याच्या पोटातला जलना पयला दिसला असता. नाय ना दिसत? मंग बसा खाली.”

पहिल्या हसल्या त्या रुकय्याचाची. मग सगळ्या. आणि त्या हसताना, अल्लाशपथ, माझ्या हातात कॅमेरा होता आणि झाकण औषधाच्या डब्यात होतं. तो फोटो फक्त भाभींसाठी, वेगळ्या चिकटवलेल्या पाकिटात आहे. फुफीने तोंडावर हात धरला आहे तरी हसू दिसतं. चाचींच्या हातात अजून सूप आहे. मला विचाराल तर त्यांनी आणि फुफीने एकमेकींकडे बघून हसण्याला किती वर्षं झाली असतील सांगता येत नाही. आता सांगा, अशा वस्तूला परत पाठवायचं? फुफीने त्याच संध्याकाळी किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचत सांगितलं की ते मशीन तांदळाच्या डब्यात नको, तिच्या पेटीत ठेव, तिथे कापूर आहे. हा होकार नाही तर काय?

तेव्हा कॅमेरा ठेवून घेते आहे. मालकाशी बोलून घ्या, जादा बॅटरीचं बघा, आणि ईदला याल तेव्हा भिंगावरची ती खास काच न विसरता घेऊन या. पुढच्या महिन्यात कर्ल्याला एक लग्न आहे, तिथल्या बायकांनी मला आधीच सांगून ठेवलं आहे. (त्यांनी सुती बुरखे शिवायला टाकले आहेत.) भाभींना सलाम, मुलांना दुआ. पत्र लांबलं, पण सव्वीस वर्षं घंटा वाजली की थांबत आले, आता घंटाच नाही.

तुमची धाकटी,
कौसर

ता. क. गाठोडं मुसाने मुकाट्याने घेतलं आणि जड सामानाबरोबर आधीच पुढे रवाना केलं, पण ते उघडायच्या आधीच परत पाठवा. काल दोघी-तिघी येऊन आपापले बुरखे मागून गेल्या. रुकय्याचाचींनीही विचारलं की त्या ठाणातलं कापड उरलं आहे का. मी म्हटलं, फुफीला विचारा. आणि त्यांनी विचारलं.

ता. क. २. हे मुसालाही दाखवू नका. आज दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते तेव्हा फुफी शेजारी येऊन टेकली. म्हणाली, तो अंगणातला फोटो परत दाखव. चष्मा लावून पुष्कळ वेळ बघत राहिली. तुम्हाला आठवतं ना, फुफाजींचं गलबत परत आलं नाही त्यानंतर फुफीने रंगाचं कापड अंगाला लावलं नाही? तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनेच सोडलं. आम्ही लहान होतो, आम्हाला वाटायचं फुफीला रंग आवडत नाहीत. आज तिने फोटोतल्या स्वतःवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, “ह्यो रंग मना बरा दिसता का गो?”

मी हो म्हटलं. ती म्हणाली, मशीन येडा हाय, आणि उठून गेली. फोटो मात्र घेऊन गेली.

म्हणून वर लिहिलेलं खास काचेचं राहू द्या, ती नंतर कधी आणली तरी चालेल. आधी एक काम करा. अंगणातल्या फोटोची दुसरी प्रत या पत्राच्या घडीत घातली आहे. ती दुकानात घेऊन जा, तिच्याशी रंग जुळवून बघा, आणि फुफीसाठी एका पोशाखाचं कापड आणा. सुती आणा, मऊ आणा, पण रंग तोच, फोटोतला. आणि तिच्या हातात देताना, काळंच आहे, असं म्हणून द्या. ती नाही म्हणणार नाही.